ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद : नऊ स्लाइड, पंधरा मिनिटं

पाणलोटाच्या कामात गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी हाताशी आहे आणि किती लागणार याचा हिशोब काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो ग्रामसभेत मांडणं, आणि घोळ बहुतेक तिथेच होतो. हिवरे बाजारात वर्षानुवर्षं पावसाळा संपला की ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिकं ठरवतात. २५ डिसेंबर २०१९ ला जमिनीतलं पाणी जपण्यासाठीची केंद्राची अटल भूजल योजना सुरू झाली, महाराष्ट्र धरून सात राज्यांत, आणि ताळेबंद मांडणं कितीतरी ग्रामपंचायतींच्या कामाचा भाग झालं. तेव्हापासून सभामंडपात प्रोजेक्टर दिसतो, त्यावर पीपीटी चालते, आणि तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला मागची रांग बिड्या ओढायला बाहेर जाते.

आम्ही हे सादरीकरण कसं करतो, ते सुरुवातीपासून सांगतो.

तारीख आधी ठरते. २ ऑक्टोबरची ग्रामसभा यासाठी सगळ्यात सोयीची. पाऊस जवळजवळ संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, रब्बीची ज्वारी पेरून झालेली किंवा होत आलेली असते. पण गहू, हरभरा आणि उन्हाळ कांद्याचा निर्णय अजून शेतकऱ्याच्या हातात असतो. डिसेंबरात हीच पीपीटी दाखवली तर लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला निघून जातात.

काम शेवटापासून उलटं सुरू करायचं. आधी कागदावर एक ओळ लिहायची: ग्रामसभेने कोणता ठराव करावा? “गावातलं पाणी जपून वापरावं” हा ठराव नव्हे, ते सुविचाराच्या फळ्यावर शोभतं. “यंदा रब्बीत गव्हाखालचं शंभर एकर क्षेत्र हरभऱ्याकडे वळवावं आणि नवीन बोअर घेऊ नये” हा ठराव. त्याला सूचक आणि अनुमोदक मिळू शकतो. ही ओळ लिहून झाली की प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: ही काढून टाकली तर ठरावाचं काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर ती जाते. खात्याकडून आलेल्या चाळीस-बेचाळीस स्लाइडच्या फाइलला हा प्रश्न लावला की योजनेची उद्दिष्टं, बोधचिन्हांची रांग, व्याख्या, मार्गदर्शक सूचना आणि मान्यवरांचे फोटो गळतात. आठ-दहा उरतात. गळलेल्या स्लाइड वाया जात नाहीत. त्या छापील अहवालात जातात. अहवाल कार्यालयासाठी असतो, स्लाइड भिंतीसाठी. एकाच फाइलकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की भिंतीवर बारा पॉइंटच्या बारीक अक्षरात अहवाल दिसू लागतो.

पुढे एक नमुना गाव धरतो. आकडे हिशोबाला सोपे घेतले आहेत, पद्धत तीच. क्षेत्र १००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या २०००.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे गावावर पडलेलं पाणी ५००० टीसीएम. टीसीएम हा आमच्या बोलण्यातला रोजचा शब्द: एक हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर. सभेतल्या निम्म्या लोकांच्या डोक्यावरून तो जातो, म्हणून पहिल्यांदा येईल तिथेच तो टँकरमध्ये फोडायचा. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक टीसीएम म्हणजे शंभर टँकर. टँकर सगळ्यांनी पाहिलेला असतो, दुष्काळी पट्ट्यात तर जरा जास्तच.

या ५००० पैकी काळ्या पाषाणाच्या मुलखात मुरून विहिरीला मिळतं ते दहा टक्क्यांच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी. नमुना गावात ५०० टीसीएम धरू. बंधारे आणि तळ्यातलं १०० मिळवलं की हाताशी ६००. बाकीचं ओढ्याने गेलं, वाफ झालं, खरिपाने प्यायलं. आता खर्च. जल जीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर, दोन हजार माणसं, ३६५ दिवस: ४० टीसीएम. सहाशे मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर धरून ११. रब्बीत २०० एकर गहू, १५० एकर कांदा आणि २५ एकर ऊस. एकरी गहू २, कांदा १.८, ऊस ८ टीसीएम धरला तर ४००, २७० आणि २००. सगळं मिळून ९२१. हाताशी ६००. तूट ३२१.

हा तक्ता एक्सेलमध्ये चौदा ओळी आणि नऊ रकान्यांचा असतो, आणि मोह होतो तो आहे तसा स्लाइडवर चिकटवायचा. चिकटवू नये. का, ते मापाने सांगतो.

पॉवरपॉइंटची १६:९ ची स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे इंचाला ७२ प्रमाणे ५४० पॉइंट. गावात पडदा साधारण दोन मीटर रुंद मिळतो. त्यावर चित्र ११२ सेंटिमीटर उंच पडतं. ३६ पॉइंटची ओळ म्हणजे उंचीचा पंधरावा भाग, साडेसात सेंटिमीटर. पण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार यांची जागा सोडावी लागते, म्हणून अक्षराचा मुख्य भाग त्यातला निम्माच, साडेतीन-चार सेंटिमीटर. दहा मीटरवर बसलेल्या साठीच्या माणसाला, चष्मा घरी विसरलेला धरून, हे जेमतेम पुरतं. चौदा ओळींचा तक्ता बसवायला १६ पॉइंटवर यावं लागतं. तिथे अक्षर दोन सेंटिमीटरच्याही खाली जातं आणि मागच्या रांगेला मुंग्या दिसतात. त्यामुळे आमचा नियम: ३६ च्या खाली काही नाही, मुख्य आकडा १५० ते २०० पॉइंट.

घरच्या घरी तपासायची युक्ती आहे. चौदा इंची लॅपटॉपचा पडदा ३१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन मीटरचा पडदा दहा मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढाच हा लॅपटॉप दीड मीटरवरून दिसतो. स्लाइड उघडायची, पाच फूट मागे उभं राहायचं आणि वाचायची. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर जास्त आहे. फॉन्ट लहान करणं हा त्यावरचा उपाय नाही, शब्द कापायचे.

आता उसाची स्लाइड जवळून बघू, कारण बाकीच्या आठ तिच्याच धर्तीवर होतात. तक्त्यात ती एक ओळ होती: “ऊस, २५ एकर, २० टीसीएम प्रतिहेक्टर, एकूण २००”. खरी आहे, पण ऐकणाऱ्याला तिचं काही होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात उसाची गरज १५०० ते २५०० मिलिमीटर दिली आहे. मधला २००० धरला की एकराला ८ टीसीएम, आणि पाच एकराला ४०. हा ४० आधीच्या स्लाइडवर येऊन गेलेला असतो: अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरायचं पाणी. म्हणून स्लाइडवर डावीकडे एक घागर, खाली “२००० माणसं, १ वर्ष”. उजवीकडे उसाचं कांडं, खाली “५ एकर, १ वर्ष”. मधोमध मोठं बरोबरचं चिन्ह. बस. शीर्षक नाही, टीसीएम नाही, तळाला बोधचिन्ह नाही. ही स्लाइड आली की बोलणाऱ्याने पाच सेकंद गप्प राहायचं. पाच सेकंद फार मोठे वाटतात, नवख्याला तर ते सोसवतच नाहीत. पण त्या वेळात लोक वाचतात, शेजाऱ्याकडे बघतात, आणि मागून कुणीतरी म्हणतं, “असं कसं असंल?”

इथे सादरीकरण सुरू झालं असं आम्ही समजतो. आकड्यावर आक्षेप आला म्हणजे तो वाचला गेला. ज्या सभेत कुणी काहीच विचारत नाही तिथला ठराव कागदावरच राहतो.

आक्षेपाचं उत्तर मात्र खिशात हवं. उसाच्या स्लाइडवर जाणता शेतकरी हमखास विचारतो, की यातलं काही पावसानेच दिलं की, सगळं विहिरीचं कुठे? बरोबर आहे त्याचं. म्हणून आम्ही “उपसा” हा शब्द वापरत नाही, “गरज” म्हणतो आणि तिथल्या तिथे मान्य करतो: “आबा, खरं आहे, पावसाचं वजा करायला पाहिजे. पण उन्हाळ्याचे चार महिने कोण देतं?” दुसरी गोष्ट, ऊसवाल्यांची नावं किंवा गट नंबर स्लाइडवर कधीही घालायचे नाहीत. पंचवीस एकर ऊस कुणाचा आहे हे गावाला पाठ असतं. नाव भिंतीवर आलं की पाण्याची चर्चा संपते आणि भावकीची सुरू होते.

आता नऊ स्लाइडचा क्रम, धावता. पहिली शिवाराचा नकाशा: ओढे, वस्त्या, तळी, देऊळ, शाळा, लोक म्हणतात त्याच नावांनी. हिच्यावर बोलायचं काहीच नसतं, तरी ती सगळ्यात कामाची. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी आकडा. तेवढी माणसं जमेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. तेवढा वेळ नकाशा भिंतीवर लावून ठेवला की लोक उठून जवळ येतात, आपली विहीर शोधतात, “हा नाला चुकीचा काढलाय” म्हणून वाद घालतात. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करावी, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर पुढच्या आकड्यांवर विश्वास बसायला निम्मी मदत होते. दुसरी स्लाइड यंदाचा पाऊस आणि सरासरी, दोनच खांब. तिसरी, पडलं किती आणि हाताशी किती. चौथी पिण्याचं आणि जनावरांचं. पाचवी ऊस आणि घागर. सहावी तिन्ही पिकांची मिळून गरज. सातवी तूट. आठवी पर्याय. नववी ठरावाचा मसुदा, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून.

सातवीला खांबांचा आलेख चालतो, पण त्यातही एक खुबी आहे. ६०० आणि ९२१ असे दोन खांब शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना फारसा टोचत नाही. त्याऐवजी एकच आडवी पट्टी घ्यायची, ६०० वर जाड उभी रेघ मारायची आणि खर्च एकेक करून भरत जायचा: पिण्याचं ४०, जनावरं ११, गहू ४००. इथवर ४५१, सगळं रेघेच्या आत. मग कांदा येतो आणि पट्टी रेघ ओलांडून ७२१ वर जाते. ऊस आल्यावर ९२१. कांदेवाले या ठिकाणी खवळतात, कारण कांदा गव्हानंतर आला म्हणून त्याने रेघ ओलांडली. ही तक्रार रास्त आहे. आम्ही आधीच सांगून टाकतो की क्रम क्षेत्राप्रमाणे लावलाय, दोष कुणा एका पिकाचा नाही.

पट्टी एकेक करून भरण्यासाठी ॲनिमेशन वापरत नाही. कारण साधं आहे: शाळेच्या संगणकावर जुनं ऑफिस असतं, नवी ॲनिमेशनं तिथे चालत नाहीत किंवा सगळं एकदमच येतं. त्यापेक्षा स्लाइडची नक्कल करून प्रत्येक नकलेत एक तुकडा वाढवायचा. बघणाऱ्याला पट्टी वाढताना दिसते, फाइल कुठेही चालते, पीडीएफमध्येसुद्धा. त्यामुळे नऊ स्लाइडची फाइल प्रत्यक्षात तेरा-चौदा पानांची होते.

आठवी स्लाइड खरं तर स्लाइड नसतेच, एक्सेलची छोटी शीट असते. तीन ओळी: गव्हाचे शंभर एकर हरभऱ्याकडे वळवले तर वाचतात ८० टीसीएम (हरभरा एकरी १.२ धरून), सगळा ऊस ठिबकवर नेऊन तीस टक्के वाचले तर ६०, कांदा पन्नास एकराने कमी केला तर ९०. एकूण २३०. तूट ३२१ होती, म्हणजे तरीही ९१ उरते. ही उरलेली ९१ लपवायची नाही. गोड शेवट दाखवायला म्हणून ठिबकची बचत पन्नास टक्के धरून हिशोब जुळवलेल्या शीट पाहण्यात येतात. मार्चमध्ये विहिरी खोटं उघडं पाडतात. सभेत कुणी म्हणालं, “शंभर नाही, साठ एकर हरभरा जमंल,” तर शंभरच्या जागी ६० टाकायचं आणि एंटर दाबायचं. ८० चे ४८ होतात, उरलेली तूट १२३ वर जाते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. भाषणात दहा मिनिटं घालवूनही हे साधत नाही. शीटचा झूम आधीच अडीचशे टक्क्यांच्या पुढे ठेवावा, नको ते रकाने लपवावेत, सूत्रांच्या पेशी कुलूपबंद कराव्यात. घाईत कुणीतरी सूत्रावरच आकडा टाइप करतो आणि सगळं शून्य होऊन बसतं.

फॉन्टचं थोडं. तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आलेली माहिती अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवात असते. ती चिकटवली की स्लाइडवर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, आणि बदलल्यावर रफार, ऱ्या-ऱ्ह आणि आकडे हाताने तपासावेत. मंगल हा फॉन्ट पडद्यावर फार बारीक पडतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांचा जाड प्रकार घ्यावा. फाइल जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बसवायची सोय असते, ती चालू करावी. अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरं नकोत. ओळींमधलं अंतर १.२ च्या खाली आणलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. रंग दोनच ठेवतो: गडद राखाडी आणि पाण्यापुरता निळा. लाल-हिरव्याची जोडी काही जणांना वेगळी ओळखूच येत नाही. शिवाय निवडणुकीच्या आसपास गावात रंगांनाही पक्ष असतात.

पीपीटी तयार झाली की पीडीएफ काढायचीच. पेन ड्राइव्हवर दोन्ही, फोनमध्ये दोन्ही. गावात इंटरनेटच्या भरवशावर फाइल ठेवू नये.

सरावाला पॉवरपॉइंटमध्ये वेळ नोंदवायची सोय आहे, पण आम्ही फोनचं घड्याळ लावून उभ्याने, मोठ्याने बोलतो. बसून मनात म्हटलेलं पंधरा मिनिटांचं सादरीकरण सभेत बावीस मिनिटं घेतं, कारण मनात आपण थांबत नाही आणि आपल्याला मध्ये कुणी टोकतही नाही. पंधरा मिनिटांच्या वेळेला अकरा मिनिटांचंच बोलणं तयार ठेवायचं. त्यातली नकाशाला शून्य, पहिल्या तीन आकड्यांना मिळून तीन, उसाला दोन, तुटीला दोन, बाकीची पर्यायांना. स्लाइडवरचं वाक्य वाचून दाखवायचं नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी आपल्या आधीच वाचलेलं असतं. ज्यांना येत नाही त्यांना वाक्य नको असतं, अर्थ हवा असतो.

एक चांगली संधी बरेच जण सोडून देतात: ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा होते. तिथे हेच दाखवायचं, फक्त चौथी स्लाइड दुसऱ्या क्रमांकावर आणून. ५५ लिटरच्या आकड्यावर खरा आक्षेप तिथेच येतो: बाळंतीण असलेल्या घराला, पाहुण्यांच्या आठवड्याला, गोधड्या धुवायच्या दिवसाला हे पुरतं का? कुठल्या वस्तीच्या नळाला मार्चपासून पाणी येत नाही ते बायका तारखेसकट सांगतात. ती माहिती नकाशावर चढवून मगच मोठ्या सभेत जायचं.

आता जागा. दुपारच्या उघड्या सभामंडपात प्रोजेक्टर लावणं म्हणजे उन्हात पणती लावणं. तीन हजार ल्युमेनचा प्रकाश दोन मीटर रुंदीच्या चित्रावर, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरवर पसरतो. चौरस मीटरला तेराशे ल्युमेन पडतात. हौसेने चित्र चार मीटर रुंद केलं की तेच सव्वातीनशेवर येतं. म्हणून चित्र मोठं करण्यापेक्षा लोकांना पुढे बसवावं. दुपारची सभा असेल तर शाळेची खोली घ्यावी, खिडक्यांना सतरंज्या लावाव्यात. अर्धवट उजेडात पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं टिकतात. काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी राखाडी होऊन जातात. देवळाच्या भिंतीला ऑइलपेंट असतो, तो चकाकतो आणि मधोमध दिव्याचा डाग पडतो. पांढरं कापड लावावं, पण दुहेरी, कारण एकेरी चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो. खाली वेताची काठी शिवून घ्यावी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने आकडे डुलतात.

नेहमीच्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतर लागतं: दोन मीटरला तीन. म्हणजे तो लोकांच्या मधोमध येतो, आणि वायरला पाय अडकणार हे ठरलेलंच. वायर सतरंजीखालून न्यावी आणि प्रोजेक्टरशेजारी एक जबाबदार माणूस बसवावा. पोरं भिंगापुढे हात धरून हरणं-ससे करतात. दहा मीटरचं एक्सटेन्शन, जाड पिनला बारीक पिन जोडायचा ॲडॅप्टर, एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही वायरी, रिमोटचे जादा सेल: ही पिशवी आदल्या रात्री भरायची.

वीज जाणार हे धरून चालायचं. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून तीन-साडेतीनशे वॅट घेतात. ग्रामपंचायतीचा इन्व्हर्टर बॅटरी ठीक असेल तर तासभर सहज चालवतो. इन्व्हर्टर नसेल तर लक्षात ठेवायचं की दिव्याचे जुने प्रोजेक्टर वीज येताच लगेच पेटत नाहीत. दिवा तापलेला असतो, थंड व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात सभा फुटते. त्यासाठी पाचवी आणि सातवी स्लाइड मोठ्या कागदावर छापून गुंडाळी करून जवळ ठेवतो. बॅटरीच्या उजेडातही ती दोन चित्रं पुरतात, बाकीच्या सातांवाचून चालतं.

उभं राहायचं पडद्याच्या डाव्या बाजूला, लोकांच्या डावीकडे. ओळ डावीकडून सुरू होते, नजर परत आपल्याकडे येते. दाखवायला लेझर नको, हात थरथरला की ठिपका सगळ्या भिंतीवर नाचतो आणि लोक ठिपकाच बघतात. वेळूची काठी घ्यावी. लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप बंद करावं. तुटीच्या आलेखावर कुणाच्या तरी साखरपुड्याचं निमंत्रण उमटलं की पाच मिनिटं गेली. विंडोजचं बटण आणि पी दाबून भिंतीवर काय दिसावं ते आधीच ठरवावं.

तीन कळा पाठ हव्यात. बी दाबलं की पडदा काळा होतो. वाद पेटला की बी दाबायचं. लोक भिंत सोडून एकमेकांकडे बघतात आणि बोलणं खरं होतं. पुन्हा बी, स्लाइड परत. स्लाइडचा क्रमांक आणि एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं. क्रमांकांची चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवून ठेवावी, म्हणजे “ते पावसाचं परत दाखवा” म्हटल्यावर अकरा स्लाइड उलट्या पळवाव्या लागत नाहीत. ऑल्ट आणि टॅबने एक्सेलवर जाता येतं. पीडीएफवर चालवायची वेळ आली तर ॲडोब रीडरमध्ये कंट्रोल आणि एल दाबलं की पान पडदाभर होतं. तिथे बी चालत नाही, म्हणून पीडीएफच्या शेवटी एक कोरं काळं पान जोडलेलं असावं.

सुरुवातीला आभार, स्वागत, प्रस्तावना यांत वेळ घालवू नये. नकाशा लागलेलाच असतो. “मंडळी, यंदा आपल्या शिवारावर पाच लाख टँकर पाणी पडलं. साठ हजार हाताशी राहिलं.” एवढं म्हणून दुसरी स्लाइड लावायची. सरपंचांचं भाषण आणि नारळ आपल्या आधी होऊ द्यावेत. मध्ये आले तर लय तुटते, नंतर ठेवले तर ठरावाच्या वेळेला लोक चहाकडे बघू लागतात. चहा ठरावानंतर, हे स्वयंपाकाच्या बाजूला आधी सांगून ठेवणं हाही तयारीचाच भाग.

नववी स्लाइड भिंतीवरच भरायची. जो आकडा सभेने मान्य केला तो टाइप करायचा, मोठ्याने वाचायचा, सूचक-अनुमोदकांची नावं ग्रामसेवकांनी इतिवृत्तात लिहायची. पूर्ण ठराव सहसा एका बैठकीत होत नाही. साठ एकर हरभरा, उसाला ठिबकसाठी अर्ज, नवीन बोअरचा विषय पुढच्या सभेत, असं काहीतरी अर्धमुर्धं निघतं. तेच लिहायचं, आणि खाली उरलेली तूटही. सातवी आणि नववी स्लाइड दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर छापून लावतो, तारखेसकट. मार्चमध्ये विहिरींची पातळी मोजली की ती त्याच कागदावर पेनने लिहायची. पुढच्या ऑक्टोबरच्या फाइलमध्ये दुसरी स्लाइड म्हणून याच कागदाचा फोटो जातो.